परदेशी विद्यापीठाचा कॅम्पस आता भारतात: खानदेशातल्या पालकांनी फी भरण्याआधी काय काय तपासावं

गेल्या दोन-तीन वर्षांत बारावीच्या निकालानंतर एक नवीन प्रश्न कानावर यायला लागलाय. "सर, फॉरेनची युनिव्हर्सिटी मुंबईतच येते आहे म्हणे. तिथं टाकू का पोराला?" विचारणारे बहुतेक वेळा यावल-रावेरचे केळीवाले, जळगावचे व्यापारी किंवा धुळ्याकडचे नोकरदार असतात. साक्रीकडच्या एका काकांनी तर ब्रोशर टेबलावर ठेवून थेट मुद्द्यालाच हात घातला, "कितला पैसा लागतीन, तेवढं सांगा."

पैशाचं पुढे बोलूच. आधी ही लाट कसली आहे ते पाहू. एका देशातल्या विद्यापीठानं दुसऱ्या देशात कॅम्पस काढायचा आणि पदवी मात्र स्वतःच्याच नावानं द्यायची, हा प्रकार जगाला जुना आहे. ऑस्ट्रेलियाचं मोनॅश १९९८ मध्ये मलेशियात गेलं. ब्रिटनचं नॉटिंगहॅम २००० मध्ये मलेशियात आणि २००४ मध्ये चीनच्या निंग्बोत पोचलं. दुबईत हेरियट-वॅट २००५ पासून आहे आणि अबुधाबीत न्यूयॉर्क युनिव्हर्सिटी २०१० पासून. आपली विद्यापीठंही बाहेर गेली आहेत. बिट्स पिलानी आणि मणिपाल २००० पासून दुबईत आहेत. आयआयटी मद्रासनं २०२३ मध्ये झांझिबारला, आयआयटी दिल्लीनं २०२४ मध्ये अबुधाबीला आणि आयआयएम अहमदाबादनं २०२५ मध्ये दुबईला कॅम्पस सुरू केला.

भारतात दार उघडलं ते दोन ठिकाणी. गांधीनगरजवळच्या गिफ्ट सिटी या खास आर्थिक क्षेत्रात २०२२ च्या नियमांखाली डीकिन आणि वोलाँगाँग ही दोन ऑस्ट्रेलियन विद्यापीठं आली. बाकी देशासाठी यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, नोव्हेंबर २०२३ मध्ये नियम काढले. त्याखाली साऊदॅम्प्टनचा गुरुग्राम कॅम्पस २०२५ मध्ये सुरू झाला. १४ जून २०२५ ला मुंबईत ॲबर्डीन, यॉर्क, वेस्टर्न ऑस्ट्रेलिया, इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आणि इटलीची डिझाइन संस्था आयईडी अशा पाच जणांना लेटर ऑफ इंटेंट, म्हणजे प्राथमिक संमतीपत्रं, दिली गेली. नवी मुंबईत विमानतळाजवळ सिडकोची 'एज्युसिटी' उभी करायची कल्पना त्यातलीच. लिव्हरपूलनं बंगळूर निवडलं.

या सगळ्यात एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवायची. इथं विद्यापीठ येतं, तो देश येत नाही. अभ्यासक्रम, परीक्षा आणि पदवीवरचं नाव येईल. लंडनची पार्टटाइम नोकरी, तिथली ओळखपाळख आणि शिक्षणानंतरचा वर्क व्हिसा येणार नाही. आपण नक्की कशाचे पैसे मोजतोय हे घरात एकदा स्पष्ट झालं की पुढची तपासणी सोपी जाते.

पहिलं काम: समोर ठेवलेला माल नक्की कोणता आहे ते ओळखा

एज्युकेशन फेअरमध्ये सगळ्या गोष्टी 'इंटरनॅशनल डिग्री' या एकाच नावाखाली खपवल्या जातात. प्रत्यक्षात त्यात निदान पाच वेगळे प्रकार असतात.

ब्रँच कॅम्पस म्हणजे परदेशी विद्यापीठ स्वतः इथं बसतं, स्वतः शिकवतं आणि स्वतःच्या नावाशिक्क्यानं पदवी देतं. ट्विनिंगमध्ये पदवी भारतीय संस्थेची असते, काही सत्रं परदेशात होतात आणि परदेशातले क्रेडिट (अभ्यासाचे मोजलेले गुणांक) तीस टक्क्यांच्या वर जाऊ शकत नाहीत. जॉइंट डिग्रीत दोघांच्या नावाचं एकच प्रमाणपत्र मिळतं आणि प्रत्येकाकडचे किमान तीस टक्के क्रेडिट लागतात. ड्युअल डिग्रीत दोन्ही संस्था आपापली पदवी वेगवेगळी देतात आणि भारतीय संस्थेकडचे किमान तीस टक्के क्रेडिट लागतात. ट्विनिंग, जॉइंट आणि ड्युअल हे तिन्ही प्रकार यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत बसतात.

पाचवा प्रकार धोक्याचा. त्याला 'स्टडी सेंटर', 'लर्निंग पार्टनर', 'फ्रँचायझी' अशी गोड नावं असतात. परदेशी विद्यापीठाचा बोर्ड, आत स्थानिक क्लासचालक. यूजीसीच्या नियमांत फ्रँचायझीला जागाच नाही. २०२३ च्या नियमांखाली आलेल्या विद्यापीठालाही भारतात स्टडी सेंटर किंवा फ्रँचायझी काढता येत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये यूजीसीनं जाहीर सूचना काढून सांगितलंय की परवानगी नसलेल्या परदेशी विद्यापीठांशी करार करून एडटेक (ऑनलाइन शिक्षण विकणाऱ्या) कंपन्या आणि कॉलेजं ज्या पदव्या देतात, त्या मान्य नाहीत. त्यामुळे जळगावच्या रिंगरोडवर किंवा धुळ्याच्या देवपुरात कुणी 'युके युनिव्हर्सिटीचं ऑथराइज्ड सेंटर' उघडलं असेल, तर चहा पिऊन परत यायला हरकत नाही, चेक लिहू नका.

ओळखायचा सोपा प्रश्न: "पदवीच्या कागदावर नाव कुणाचं आणि सही कुणाची?" त्याचं उत्तर तोंडी घेऊ नका. नमुना प्रमाणपत्र आणि नमुना ट्रान्स्क्रिप्ट मागा. ट्रान्स्क्रिप्ट म्हणजे विषयवार गुणांचा कागद. त्यावर शिक्षण कुठल्या कॅम्पसवर झालं हे छापलेलं असू शकतं. असलं तर ते लपवण्यासारखं नाही, पण आधी माहीत असावं.

दुसरं काम: परवानगीचा कागद, तोही दोन्ही देशांचा

भारतातल्या कॅम्पससाठी दोन वेगळी दारं आहेत. गिफ्ट सिटीतल्या कॅम्पसवर यूजीसीचा अंमल नाही, तिथं आयएफएससीए ही संस्था परवानगी देते. तिथल्या विषयांनाही कुंपण आहे: वित्त, फिनटेक, विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित अशी ती यादी. गिफ्ट सिटीच्या नावावर कुणी मानसशास्त्र किंवा हॉटेल मॅनेजमेंटची पदवी विकत असेल, तर तिथंच थांबायचं. गिफ्ट सिटीबाहेरच्या प्रत्येक कॅम्पसला यूजीसीची मान्यता लागते.

बरेच जण फसतात ते इथं. लेटर ऑफ इंटेंट म्हणजे वर्ग भरवायची परवानगी नाही. विद्यापीठाचा प्रस्ताव पटला, आता तयारी करा, एवढाच त्याचा अर्थ. वर्तमानपत्रात मंत्र्यांसोबतचा फोटो आला म्हणजे प्रवेश सुरू झाले असं होत नाही. यूजीसीच्या वेबसाइटवर परदेशी संस्थांच्या कॅम्पसची माहिती असते. तिथं त्या विद्यापीठाचं, त्या शहराचं नाव शोधा. अंतिम मान्यता मिळाली आहे का आणि कुठल्या अभ्यासक्रमांना मिळाली आहे, हे दोन्ही पाहा. कॅम्पसला मान्यता असली तरी तुमच्या मुलीला हवा असलेला कोर्स त्या यादीत असेलच असं नाही.

मान्यता दहा वर्षांसाठी असते. परदेशी विद्यापीठ साधारणपणे जागतिक रँकिंगमध्ये एकूण किंवा एखाद्या विषयात पहिल्या पाचशेत असावं लागतं. या 'किंवा' कडे जरा नीट पाहा. विद्यापीठ अभियांत्रिकीत पाचशेत असेल आणि इथं मॅनेजमेंट शिकवत असेल, तर पाचशेच्या आतलं हे बिरुद मॅनेजमेंटला चिकटवण्यात अर्थ नाही.

दुबई किंवा मलेशियातल्या कॅम्पसचा विचार असेल तर तिथलाही नियामक तपासायचा. दुबईत केएचडीए परवाना देते. मलेशियात एमक्यूएचं रजिस्टर ऑनलाइन शोधता येतं, त्यात कोर्सगणिक नोंद असते. मूळ देशाच्या बाजूनं इंग्लंडचं ऑफिस फॉर स्टुडंट्स, ऑस्ट्रेलियाचं टेक्सा अशा नियामकांच्या यादीत विद्यापीठ आहे ना, ते पाहून घ्या. अर्ध्या तासाचं काम आहे, घरातला बारावीचा मुलगा मोबाइलवर करू शकतो. त्यानंच करावं. चार वर्षं त्याची जाणार आहेत.

तिसरं काम: पदवी पुढे कुठे कुठे चालेल

यूजीसीच्या २०२३ च्या नियमांखालच्या कॅम्पसची पदवी मूळ कॅम्पसच्या पदवीच्या बरोबरीची मानली जाते. परदेशात जाऊन घेतलेल्या पदवीचं वेगळं आहे. तिची समकक्षता आता यूजीसीच २०२५ च्या नियमांनुसार ठरवते, त्यासाठी ऑनलाइन अर्ज करावा लागतो आणि फ्रँचायझी पद्धतीनं घेतलेल्या पदवीला ती मिळत नाही.

आपल्याकडे प्रत्येक घरात एक तरी पोरगं पुढे एमपीएससी देणार असतं. तसा विचार असेल, तर 'ही पदवी चालेल का' हे विद्यापीठाकडून ईमेलवर लिहून घ्या. वकिली, आर्किटेक्चर, फार्मसी, नर्सिंग, डॉक्टरी हे सगळं आपापल्या परिषदांच्या ताब्यात आहे आणि यूजीसीच्या मान्यतेनं त्यांची परवानगी आपोआप मिळत नाही. या क्षेत्रांतला कोर्स असेल तर आधी त्या परिषदेला विचारा, विद्यापीठाला नंतर.

वर्क व्हिसाबद्दल थोडक्यात. ब्रिटनचा ग्रॅज्युएट रूट हा शिक्षणानंतरचा व्हिसा ब्रिटनमध्ये शिकलेल्यांसाठी आहे. ऑस्ट्रेलियाचा शिक्षणोत्तर व्हिसा ऑस्ट्रेलियात शिकलेल्यांसाठी आहे. अमेरिकेची ओपीटी, म्हणजे शिक्षणानंतर काही काळ काम करायची परवानगी, तिथल्या विद्यार्थी व्हिसावर असलेल्यांसाठी आहे. पवई, गुरुग्राम, दुबई किंवा क्वालालंपूरला बसून घेतलेल्या पदवीवर यातलं काही मिळत नाही. एक-दोन सत्रं मूळ कॅम्पसला जायची सोय असते हे खरं, पण तेवढ्यानं व्हिसाच्या अटी पुऱ्या होतात असं धरून चालू नका. परदेशात स्थायिक होणं हाच घरचा हेतू असेल, तर इथला कॅम्पस हा चुकीचा रस्ता आहे. इतकं स्पष्ट फेअरमधलं कुणी सांगणार नाही.

चौथं काम: पैशाचं गणित, सातबाऱ्यासकट

साऊदॅम्प्टननं गुरुग्रामला पदवीची फी वर्षाला चौदा लाखांच्या घरात ठेवली. ब्रिटनला जाऊन शिकण्यापेक्षा हे बरंच कमी आहे, आणि जाहिरातीत तुलना नेहमी ब्रिटनशीच होते. आपण तुलना करायची ती पुण्याच्या चांगल्या कॉलेजशी, एनएमआयएमएस या मुंबईच्या संस्थेच्या शिरपूर कॅम्पसशी, जळगावच्या उमवितल्या (उत्तर महाराष्ट्र विद्यापीठातल्या) विभागांशी. तेवढ्या पैशात मुलगा पदवी इथं करून दोन वर्षांचं मास्टर्स खरोखर परदेशात करू शकतो का, हे आकडे मांडून बघा. बऱ्याच घरांत उत्तर 'हो' येतं.

आता जे हातचं सुटतं ते मोजा. राज्याच्या सीईटी सेलच्या कॅप राउंडमधून (केंद्रीभूत प्रवेश फेरीतून) प्रवेश घेतला की महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरच्या शिष्यवृत्त्या, फी सवलती आणि ठरावीक प्रवर्ग व उत्पन्न मर्यादेतल्या मुलींना व्यावसायिक कोर्सची शिक्षण व परीक्षा फी पूर्ण माफ, अशा सोयी असतात. परदेशी कॅम्पस कॅपमध्ये नाहीत आणि त्यांना आरक्षणाचं बंधनही नाही. ओबीसी किंवा आर्थिक दुर्बल घटकातल्या मुलीसाठी हा फरक काही लाखांचा होतो.

राज्याच्या समाजकल्याण, आदिवासी विकास आणि इतर मागास बहुजन कल्याण विभागांच्या परदेशी शिष्यवृत्त्या आहेत. पण त्या परदेशात जाऊन शिकण्यासाठी आखलेल्या आहेत. नवी मुंबईतल्या कॅम्पसला त्या लागू होतील असं एजंट म्हणाला, तर शासन निर्णय दाखवायला सांगा. नंदुरबार, तळोदा, धुळे किंवा यावलच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात जाऊन लेखी विचारलं तर उत्तम.

कर्जाचं सगळ्यात चिवट दुखणं तारणाचं. सरकारी बँकांच्या नेहमीच्या शैक्षणिक कर्ज योजनेत साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही, त्यावर लागतं. आणि आपल्याकडे तारण म्हणजे वावर. सरफेसी कायदा शेतजमिनीला लागू होत नाही, म्हणजे कर्ज थकलं तर त्या कायद्यानं बँकेला शेत विकता येत नाही. म्हणून मोठ्या शैक्षणिक कर्जाला बँका शेती घ्यायला नाखूष असतात. रावेरला दहा एकर बागायत असलेला माणूस सातबारा घेऊन बँकेत जातो आणि मॅनेजर त्याला एनए प्लॉट किंवा घराचा उतारा मागतो. हे फी भरायच्या आठवड्यात कळलं तर धावपळ होते आणि मग सावकार नाहीतर महागडी खाजगी फायनान्स कंपनी गाठावी लागते. प्रवेशाचा फॉर्म भरण्याआधी बँकेत जा. त्या विद्यापीठाचं, त्या कॅम्पसचं नाव सांगून विचारा: कर्ज बसतं का, कुठल्या योजनेत, तारण काय. पीएम विद्यालक्ष्मीसारखी केंद्राची कर्ज योजना एनआयआरएफ या सरकारी क्रमवारीवर आधारलेल्या यादीतल्या संस्थांसाठी आहे. तुमचा कॅम्पस त्या यादीत आहे का ते पाहूनच तिचा हिशेब धरा.

हप्त्याचा अंदाज आताच घ्या. पंचवीस लाख कर्ज, साडेदहा टक्के व्याज, दहा वर्षं: महिना साधारण ३३,७०० रुपये. शिक्षण चालू असताना चढलेलं व्याज यात धरलेलं नाही, ते मिळवलं की आकडा आणखी वर जातो. नोकरीच्या पहिल्या वर्षी एवढा हप्ता भरून मुलगा पुण्यात खोलीभाडं देऊ शकेल का, हा प्रश्न बापानं मुलासमोर बसून विचारायचा. लाजायचं काही नाही. दुबईच्या कॅम्पसची फी दिरहममध्ये असते आणि दिरहम १९९७ पासून डॉलरला बांधलेला आहे. रुपया डॉलरसमोर घसरला की दुबईची फीही वाढते.

फीबाबत नियम आपल्या बाजूचा आहे. प्रवेश सुरू होण्याच्या साठ दिवस आधी कॅम्पसनं माहितीपत्रक वेबसाइटवर टाकायचं, त्यात फी, परताव्याचे नियम, जागा, पात्रता सगळं हवं. ते डाउनलोड करून प्रिंट काढून ठेवा. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी फी किती टक्के वाढेल हे त्यात नसेल तर ईमेलनं विचारा.

पाचवं काम: जाऊन बघा

शिरपूरच्या लोकांना हे वेगळं सांगायला नको. तिथं तापीकाठी मुंबईच्या संस्थेचा कॅम्पस उभा राहिला, तेव्हा पालकांनी हेच विचारलं असणार: मास्तर तेच का, कंपन्या त्याच येणार का, पदवीवर काय छापणार? परदेशी कॅम्पसलाही तेच प्रश्न विचारायचे. नावाच्या दबावाखाली आपण ते विचारत नाही, एवढंच.

नंदुरबारहून गिफ्ट सिटी गाठणं जळगावकरांना वाटतं त्यापेक्षा सोपं आहे. नवजीवन एक्सप्रेस भुसावळ, जळगाव, नंदुरबार करत सुरतमार्गे अहमदाबादला जाते. मुंबईचं तर विचारूच नका, भुसावळवरून गाड्यांना तोटा नाही. एक दिवस घालवा. शनिवार-रविवारचा 'ओपन डे' टाळून कामाच्या दिवशी जा. एखाद्या भाड्याच्या इमारतीचे दोन मजले हाच कॅम्पस असू शकतो. त्यात वाईट काही नाही, पण ब्रोशरवर मूळ विद्यापीठाची शंभर वर्षं जुनी दगडी इमारत छापलेली असते आणि पोरगं तीच डोळ्यासमोर ठेवतं.

तिथं गेल्यावर शिक्षकांची नावं मागा. परदेशी शिक्षकांनी इथं किमान एक सत्र राहिलं पाहिजे असा नियम आहे, आणि ऑनलाइन तासांना दहा टक्क्यांची मर्यादा आहे. चालू सत्राचं वेळापत्रक दाखवायला सांगा, म्हणजे कोण प्रत्यक्ष येतं ते कळेल. पहिली तुकडी शिकून बाहेर पडली नसेल, तर प्लेसमेंटचे आकडे मूळ देशातले असणार. ते इथं लागू नाहीत. वर्गाबाहेर दोन विद्यार्थ्यांना गाठून, कर्मचारी आसपास नसताना, गप्पा मारा. वसतिगृह आहे का, नसेल तर पवई-गुरुग्रामसारख्या ठिकाणी खोलीला काय पडतं, हे त्यांच्याइतकं खरं कोणी सांगत नाही.

सहावं काम: एजंटाशी कसं वागायचं

सल्ला 'फुकट' असतो, कारण अनेकदा एजंटाला विद्यापीठाकडून मिळणारं कमिशन पहिल्या वर्षाच्या फीतून निघतं. यात बेकायदा काही नाही. पण म्हणूनच तुमच्या मुलीला कोणतं कॉलेज बरं, याचं उत्तर त्याला कमिशन मिळणाऱ्या यादीतूनच येतं. "तुमचा कुठल्या कुठल्या विद्यापीठांशी करार आहे?" असं तोंडावर विचारा. यादी सांगतो तो बरा.

मूळ गुणपत्रक आणि शाळा सोडल्याचा दाखला त्याच्याकडे ठेवू नका, साक्षांकित प्रती द्या. पैसे त्याच्या किंवा त्याच्या फर्मच्या खात्यावर टाकू नका, थेट विद्यापीठाच्या खात्यावर टाका आणि खाते क्रमांक विद्यापीठाच्या वेबसाइटवरून घ्या, व्हॉट्सॲपवर आलेला नको. अर्ज भरताना ईमेल आयडी मुलाचा स्वतःचा द्या. एजंटानं स्वतः काढलेल्या आयडीवर ऑफर लेटर आलं की पुढचा सगळा पत्रव्यवहार त्याच्या ताब्यात जातो, आणि परतावा मागायची वेळ आली की पासवर्डसाठी त्याच्या दारात उभं राहावं लागतं.

सातवं काम: कॅम्पस बंद पडला तर?

अशुभ वाटेल, पण विचारायचं. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठानं २००७ मध्ये सिंगापूरला कॅम्पस काढला आणि विद्यार्थी कमी पडले म्हणून त्याच वर्षी, पहिल्याच सत्रानंतर, गुंडाळला. टेक्सास ए अँड एमचा कतारमधला कॅम्पस २००३ पासून व्यवस्थित चालला होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये विद्यापीठाच्या मंडळानं तो २०२८ पर्यंत बंद करायचं ठरवलं. नाव मोठं असलं तरी निर्णय दूरच्या देशातल्या बैठकीत होतो.

यूजीसीच्या नियमांनुसार कोर्स मध्येच बंद झाला तर विद्यार्थ्यांसाठी पर्यायी व्यवस्था करायची जबाबदारी परदेशी विद्यापीठाची आहे. ती व्यवस्था कोणती, मूळ कॅम्पसला पाठवणार की दुसऱ्या संस्थेत घालणार, जादा खर्च कोण करणार, हे ऑफर लेटरमध्ये किंवा विद्यार्थी करारात शोधा. नसेल तर प्रवेश विभागाला ईमेल करा. त्यात चारच ओळी पुरतात: कोर्सचं पूर्ण नाव आणि मान्यतेचा तपशील, पदवी कोण देणार, पुढच्या वर्षांची फीवाढ, आणि कोर्स बंद झाल्यास विद्यार्थ्याचं काय. उत्तर आठ-दहा दिवसांत मुद्देसूद आलं तर त्या ऑफिसात कामाची माणसं आहेत. "आमचे काउन्सेलर आपल्याला फोन करतील" एवढंच आलं, तर समजून जा.

कधी काय करायचं

बँकेची आणि मान्यतेची चौकशी डिसेंबर-जानेवारीतच उरका. तेव्हा मुलगा अभ्यासात असतो, पण हे काम पालकांचं आहे. कॅम्पसला भेट बारावीची परीक्षा संपल्यावर, निकालाआधी. सीईटीचा फॉर्म मात्र भराच, परदेशी कॅम्पस नक्की झाल्यासारखं वाटलं तरी. हे कॅम्पस ऑफर लवकर देतात आणि डिपॉझिट कॅपची पहिली फेरी लागायच्या आत मागतात. परतावा किती तारखेपर्यंत आणि किती टक्के मिळतो, ते माहितीपत्रकात पाहा, ती तारीख कॅपच्या वेळापत्रकाशेजारी कॅलेंडरवर लिहा. दोन्हींत पंधरा दिवसांचं अंतर पडत असेल तर प्रवेश विभागाला मुदतवाढ मागा. मागितली तर कधी कधी मिळते, आणि नाही मिळाली तर डिपॉझिटची रक्कम बुडाली तरी चालेल का, हा निर्णय घरात आदल्या रात्री बसून घ्या, फेअरच्या स्टॉलवर उभं राहून नको.